यूएपीएमध्ये जामीन इतका अवघड का?

जुलै २०२५मध्ये दहा दिवसांच्या अंतराने मुंबईत दोन निकाल लागले. २१ जुलैला उच्च न्यायालयाने २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. एक जण तर निकाल ऐकायला उरलाच नव्हता. शिक्षा भोगत असताना २०२१मध्ये तो करोनाने गेला. ३१ जुलैला एनआयएच्या (राष्ट्रीय तपास यंत्रणा) विशेष न्यायालयाने २००८च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. पहिल्या निकालावर एका बाजूची मंडळी भडकली, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूची. टीव्हीवर जो तमाशा व्हायचा तो झाला. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. लोकलमध्ये मेलेल्या १८०हून अधिक जणांच्या आणि मालेगावात मेलेल्या सहा जणांच्या घरच्यांना सतरा-एकोणीस वर्षं वाट पाहूनही ‘हे केलं कुणी?’ याचं उत्तर मिळालेलं नाही. (लोकल खटल्याचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येऊ नये, एवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत घालायला मात्र सांगितलं नाही.)

पहिला खटला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली चालला, दुसरा शेवटी यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. दोन्ही कायदे ‘कडक’ म्हणून नावाजलेले. मग कडकपणाचा उपयोग नेमका कुठे झाला?

आपल्याकडे या विषयावरचा वाद बहुतेक वेळा ‘कायदा कडक हवा की सौम्य’ इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. पण बॉम्ब ठेवून माणसं मारणाऱ्याला फाशी द्यायला साधी दंड संहितासुद्धा पुरेशी आहे. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. वेगळ्या कायद्याची सगळी ताकद अटक आणि निकाल यांच्या मधल्या काळात असते. त्या काळात माणूस घरी राहणार की तुरुंगात, हे जामिनावर ठरतं. म्हणून दहशतवाद रोखणं आणि नागरिकांचे हक्क जपणं यांतला तोल समजून घ्यायचा असेल, तर जामिनाचं कलम नीट वाचावं लागतं.

आधी साधा जामीन

चोरी, फसवणूक, अगदी खुनाच्या खटल्यातही जामिनाच्या वेळी न्यायाधीश साधारण तीन गोष्टी पाहतात: हा पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करेल का, साक्षीदारांना धमकावेल का. गुन्हा किती गंभीर आहे आणि पुरावा वरवर कसा दिसतो, हेही बघितलं जातं. पण गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा, हे गृहीत असतं. शिवाय तपासाला मुदत असते. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. कोर्टाच्या आवारात याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. तिथे न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

यूएपीए इथेच सगळं बदलून टाकतो.

हा कायदा आला कुठून

कायदा १९६७चा, पण तेव्हा त्यात दहशतवाद नव्हता. फुटीर संघटनांवर बंदी घालण्यापुरता तो होता. दहशतवादासाठी १९८५मध्ये टाडा आला. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालेल, अशी सोय त्यात १९८७पासून होती. पोलीस ठाण्यात कबुली कशी मिळवली जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला यातला धोका वेगळा सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये टाडा वैध ठरवला खरा, पण तोवर त्याचा वापर शेतकरी नेत्यांपासून किरकोळ गुन्हेगारांपर्यंत कुणावरही होऊ लागला होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी १९९५मध्ये खासदारांना पत्रं पाठवून मुदतवाढ देऊ नका असं सांगितलं, आणि त्याच वर्षी टाडा संपला.

मुंबईकरांना टाडा आठवतो तो १२ मार्च १९९३मुळे. २५७ माणसं गेली. त्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले. म्हणजे हे कायदे अगदीच निकामी होते असं म्हणता येत नाही. पण त्याच खटल्यात संजय दत्तवरचे टाडाचे आरोप २००६मध्ये टिकले नाहीत. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल साध्या शस्त्र कायद्याखाली तो दोषी ठरला, आणि टाडाचा आरोपी म्हणून वर्षाहून जास्त काळ तो आधीच आत काढून आला होता.

मग २००२मध्ये पोटा आला आणि २००४मध्ये गेला. जाताना त्यातली दहशतवादाची कलमं उचलून यूएपीएमध्ये टाकण्यात आली. टाडा आणि पोटा या दोन्ही कायद्यांना मुदत होती. ठरावीक वर्षांनी संसदेपुढे येऊन पुन्हा मंजुरी घ्यावी लागायची. टाडा संपला तो असाच. यूएपीए कायमचा आहे. ‘अजून गरज आहे का?’ हा प्रश्न विचारायची वेळ त्यात येतच नाही. मला हा बदल बाकी सगळ्या सुधारणांपेक्षा मोठा वाटतो, आणि तो सगळ्यात कमी चर्चिला गेला.

२६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ जण मारले गेले. त्यानंतर महिन्याच्या आत संसदेने एनआयए स्थापन केली आणि यूएपीएमध्ये कलम ४३-ड घातलं. देश संतापलेला होता आणि ते साहजिकच होतं. अशा वेळी विधेयकातला एखादा शब्द फार ढिला आहे असं म्हणायला कोण उभं राहणार?

कलम ४३-ड काय म्हणतं

या कलमात चार गोष्टी आहेत. तपासाची मुदत ९० दिवसांवरून १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत मिळू शकते. अटकपूर्व जामीन नाही. चौथी गोष्ट उपकलम ५ मधली: केस डायरी किंवा दोषारोपपत्र वाचून आरोप ‘प्रथमदर्शनी खरा’ मानायला वाजवी कारण आहे असं न्यायालयाला वाटलं, तर जामीन द्यायचाच नाही.

वरवर यात काही वावगं दिसत नाही. पण न्यायाधीशांनी वाचायचं काय, ते पाहा. केस डायरी पोलीस लिहितात. दोषारोपपत्र पोलीसच तयार करतात. साक्षीदारांची उलटतपासणी अजून झालेली नाही. लॅपटॉपमधली फाइल खरी की कुणी घातलेली, हे तपासलं गेलेलं नाही. काही साक्षीदारांची नावंही आरोपीला कळलेली नसतात. मुलाकडच्यांनी स्वतः लिहून पाठवलेल्या बायोडेटावरून मुलगा कसा आहे ते ठरवावं, तसा हा प्रकार.

हे आणखी आवळलं २०१९च्या एका निकालाने. काश्मीरमधला व्यावसायिक झहूर वटाली याच्यावर दहशतवादाला पैसा पुरवल्याचा आरोप होता. दिल्ली उच्च न्यायालयाने कागदपत्रं बारकाईने तपासली, यातली काही पुरावा म्हणून टिकणारच नाहीत असं म्हटलं आणि जामीन दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. या टप्प्यावर पुरावा तराजूत घालायचा नाही, ढोबळ शक्यता बघायची. कागद ग्राह्य की अग्राह्य हे खटल्यात ठरेल, असं ते म्हणालं. थोडक्यात, जो कागद पुढे खटल्यात उडणार आहे, तोच आज तुम्हाला आत ठेवू शकतो. आणि तो उडेपर्यंत किती वर्षं जातील, हे कुणी सांगत नाही.

त्यात दहशतवादी कृत्याची व्याख्या ऐसपैस. बॉम्ब, बंदुका, विषारी वायू अशी यादी झाल्यावर ‘किंवा इतर कोणत्याही स्वरूपाच्या कोणत्याही साधनाने’ असे शब्द येतात. देशाच्या सुरक्षेला धोका पोचवायचा हेतू असलाच पाहिजे असंही नाही. धोका पोचण्याचा ‘संभव’ पुरतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर एकट्या माणसालाही खटल्याशिवाय दहशतवादी जाहीर करता येतं. पहिल्या यादीत मसूद अझहर, हाफिज सईद, लख्वी आणि दाऊद होते. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. प्रश्न पुढच्या याद्यांचा आहे.

सरकारची बाजू

ती पोकळ नाही. अशा गुन्ह्यांचे धागे परदेशात असतात, पैसा हवालामार्गे फिरतो, दुसऱ्या देशाकडून कागद मिळवायला महिनोन्महिने जातात. ९० दिवस खरंच कमी पडतात. १९९३च्या स्फोटांतले मुख्य आरोपी दाऊद आणि टायगर मेमन आजवर न्यायालयापुढे आलेले नाहीत; अशा प्रकरणात पळून जाण्याची भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. साक्षीदार घाबरतात, फिरतात. मालेगाव २००८च्या खटल्यात तिसाहून अधिक साक्षीदार फितूर झाले. जगण्याचा हक्क लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसालाही होताच.

म्हणून तपासाला जास्त वेळ, साक्षीदारांना संरक्षण, पैशाच्या व्यवहारांवर नजर या गोष्टींना माझी हरकत नाही. हरकत आहे ती जामीन गोठवून खटला मात्र मुंगीच्या पावलाने चालवण्याला.

केंद्र सरकारनेच २०२१मध्ये राज्यसभेत दिलेला आकडा बघा: २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. ही तुलना तंतोतंत नाही, कारण दोषी ठरलेले बहुतेक आधीच्या वर्षांतल्या खटल्यांतले असणार. एनआयए आपल्या खटल्यांत दोषसिद्धीचा दर नव्वद टक्क्यांच्या वर असल्याचं सांगते, पण तो दर निकाल लागलेल्या खटल्यांचा. ज्यांचा निकालच लागला नाही, ते कच्चे कैदी त्यात कुठेच दिसत नाहीत.

एल्गार परिषद प्रकरण याचं जवळचं उदाहरण. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला, आणि पुढे १६ जणांना यूएपीएखाली अटक झाली. त्यातले रोना विल्सन आणि सुधीर ढवळे जून २०१८पासून आत होते. उच्च न्यायालयाने त्यांना जानेवारी २०२५मध्ये जामीन दिला, तेव्हा आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती आणि सरकारी साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती. फादर स्टॅन स्वामी यांना ८३व्या वर्षी रांचीहून आणून तळोजा तुरुंगात ठेवलं. पार्किन्सनमुळे पेला हातात धरता येत नव्हता, म्हणून स्ट्रॉ असलेला पेला मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ला ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. जामिनावरची सुनावणी सुरू असताना ती बातमी खंडपीठापुढे सांगितली गेली. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कायद्याच्या भाषेत कधीच ठरणार नाही.

स्फोटांच्या खटल्यांतही असंच. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी स्फोट झाले. त्यात पकडलेल्या नऊ जणांना २०१६मध्ये आरोपमुक्त केलं गेलं, कारण तपास पुढे भलतीकडेच वळला होता. लोकल खटल्यात उच्च न्यायालयाने कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत आणि ओळखपरेडवर विश्वास ठेवला नाही. स्फोटात नेमके कसले बॉम्ब वापरले, एवढंही सरकार पक्षाला शाबीत करता आलं नव्हतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब मोक्काखाली पुरावा म्हणून चालतो. तो हाताशी असला की खरा तपास करायची निकड कमी होते, असा माझा समज आहे. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे तर सुकं कुठलं होतं तेच कळलं नाही.

न्यायालयांनी काढलेल्या वाटा

वटालीच्या निकालानंतर दारं बंद झाली असं वाटत असताना २०२१मध्ये नजीब प्रकरण आलं. केरळमधल्या एका प्राध्यापकाचा हात तोडल्याचं ते प्रकरण, गुन्हा अंगावर काटा आणणारा. आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर ४३-डची कडक अट विरघळते. संविधानाच्या कलम २१खालचा जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कुठलाही कायदा पूर्ण काढून घेऊ शकत नाही. २०२३मध्ये एल्गार प्रकरणातलेच आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या निकालात न्यायालय म्हणालं की घरात काही साहित्य सापडलं एवढ्यावरून दहशतवाद ठरत नाही आणि पुराव्याचं वजन वरवर तरी पाहावंच लागेल.

पण हे सगळं कुठल्या खंडपीठापुढे प्रकरण जातं यावर अवलंबून राहतं. फेब्रुवारी २०२४मध्ये गुरविंदर सिंग प्रकरणात दोन न्यायमूर्ती म्हणाले की यूएपीएमध्ये तुरुंग हा नियम आणि जामीन अपवाद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जलालुद्दीन खान प्रकरणात दुसरे दोन न्यायमूर्ती म्हणाले की विशेष कायद्यातही जामीन हाच नियम. न्यायालय एक, कायदा एक, मध्ये सहा महिने. आपली फाइल कुठे लागेल, हे ना आरोपीच्या हातात ना त्याच्या वकिलाच्या.

झटपट खटला होऊ शकतो

‘खटल्याला वेळ लागतोच, काय करणार’ असं कुणी म्हटलं की मला कसाबचा खटला आठवतो. नोव्हेंबर २००८मध्ये हल्ला, फेब्रुवारी २००९मध्ये दोषारोपपत्र, आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय, जवळपास रोजची सुनावणी, आणि मे २०१०मध्ये निकाल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२मध्ये फाशी कायम केली. या घाईत न्यायाची काटछाट झाली नाही. कसाबला वकील दिला गेला. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय सहआरोपींविरुद्धचा पुरावा टिकला नाही म्हणून ते निर्दोष सुटले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. सगळा देश रक्त मागत असताना हे झालं.

या निकालातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पकडलेल्या माणसाला पहिल्यांदा हजर करताना ‘तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल’ असं प्रत्येक दंडाधिकाऱ्याने त्याला सांगितलंच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी दिला तो कसाबच्याच निकालात. आज दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या पोरालाही त्याचा फायदा मिळतो.

ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयावरून दोषारोपाशिवाय जास्तीत जास्त १४ दिवस डांबता येतं. आधी ही मर्यादा २८ दिवस होती, आणि ती ४२ करायचा सरकारचा प्रयत्न २००८मध्ये लॉर्ड्स सभागृहात आपटला. तिथे या कायद्यांचा वापर कसा झाला हे तपासून दरवर्षी अहवाल देणारा एक स्वतंत्र निरीक्षक असतो. आपला देश वेगळा, शेजारी वेगळे, धोकाही वेगळा. १४ दिवस आपल्याला परवडणार नाहीत हे मान्य. पण असा निरीक्षक नेमायला, कायद्याला पुन्हा मुदत घालायला आणि विशेष न्यायालयांत पुरेसे न्यायाधीश द्यायला कुठला धोका आडवा येतो? महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, त्याआधी त्यावर हजारोंनी सूचना-हरकती आल्या होत्या. लोकांना या विषयात रस नाही असं म्हणायला जागा उरलेली नाही.

वेळ आलीच तर

हे कलम ज्याच्या घरात शिरतं, त्याच्यासाठी थोडं कामाचं. २०२४च्या प्रबीर पुरकायस्थ निकालानंतर यूएपीएच्या अटकेतही अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतात. ती दिली नाहीत तर अटकच बेकायदा ठरू शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. खटला भरायला सरकारची मंजुरी वेळेत आणि रीतसर घेतली होती का, ते पहिल्यापासून तपासून ठेवावं. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेल्या प्राध्यापक साईबाबांना २०२२मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं ते याच मुद्द्यावर. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी बसून, तो निकाल रोखला आणि गुणवत्तेवर सुटायला त्यांना मार्च २०२४ उजाडला, ही गोष्ट वेगळी.

दिवस मोजणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजणीत धरायचा, हे २०२३मध्ये ठरलं आहे. ९० दिवस झाले की मुदतवाढ मिळाली का, आणि ती दिली कुणी, हे पाहायचं. एल्गार प्रकरणातल्याच सुधा भारद्वाज यांना २०२१मध्ये जामीन मिळाला, कारण ज्या पुण्याच्या न्यायाधीशांनी मुदत वाढवून दिली त्यांना तो अधिकारच नव्हता. तो फक्त विशेष न्यायालयाचा होता. आणि डिफॉल्ट जामीन आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. संजय दत्तच्याच टाडा प्रकरणात १९९४मध्ये घटनापीठाने हे स्पष्ट केलं. मुदत संपल्यावर वकिलाचा अर्ज आधी दाखल झाला आणि दोषारोपपत्र त्याच दिवशी दुपारी आलं, तर हक्क शाबूत राहतो. दोषारोपपत्र आधी आलं, तर तो गेला.